वरखर्च

लग्नाचा खर्च कोणी किती करायचा, यावर आमच्या लग्नात चार बैठका झाल्या. शेवटी निम्मा-निम्मा ठरला, दोन्हीकडचे खूश झाले आणि पेढे वाटून बैठक उठणार, एवढ्यात हनिमूनचा विषय निघाला. विमान, हॉटेल आणि पार्कची तिकिटं यांचे पैसे माझ्या होणाऱ्या नवऱ्याने, निखिलने, आधीच भरून टाकले होते. "आता फक्त वरखर्चाचं बघायचं," तो सहज म्हणाला.

माझे वडील, म्हणजे आबा, इचलकरंजीत कापडाचं दुकान चालवतात. कुठलीही गोष्ट उलटी करून तिचा काठ तपासायची त्यांना सवय. ते लगेच म्हणाले, "बरोबर हाय. वरखर्च म्हणजे वराचा खर्च. शब्दातच आलंय की."

माझे सासरे, म्हणजे बाबा, छत्तीस वर्षं बँकेत होते. शब्दांत अडकवून कुणी सही घेऊ पाहतंय, हे त्यांना लांबून कळतं. ते म्हणाले, "वर म्हणजे वरचा. मूळ खर्चाच्या वरचा. तो दोघांचाही असतो."

पाचवी बैठक सुरू झाली.

तोवर आम्ही जातोय कुठे, हे नातेवाइकांना नीट कळलं नव्हतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडात ऑरलँडोजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आहे, तिथे, असं सांगितल्यावर शांतता पसरली. मग डोंबिवलीच्या काकू म्हणाल्या, "अगं, मग मुलं झाल्यावरच जा ना. एकाच खर्चात होईल." यात तर्क इतका पक्का होता, की निखिलला उत्तर सुचेना. खरं कारण दूरदर्शनवर होतं. नव्वदच्या दशकात 'डकटेल्स' हिंदीत लागायची, तेव्हापासून हा मुलगा तिकडे जायचं ठरवून बसला होता. बाबाही त्याच्याबरोबर ती मालिका बघायचे. त्यांना तिच्यातला एकच जण आवडायचा : तिजोरीतल्या नाण्यांत पोहणारा अंकल स्क्रूज. "ठेवी वाढवणारा माणूस," असं ते अजूनही आदराने म्हणतात.

डिसेंबर 2024 मध्ये लग्न झालं. सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी लांब रकान्यांची वही काढली. पट्टी ठेवून रेघा मारल्या. कायद्याप्रमाणे परदेशी जाताना माणशी 3,000 डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात, हे त्यांनी सुरुवातीलाच वाचून दाखवलं. आमचं बजेट ऐकून रिझर्व्ह बँकेला काळजी वाटायचं काही कारण नव्हतं. दोघांना मिळून, सहा दिवसांना, 900 डॉलर. खाणंपिणं 480, भेटवस्तू 180, बक्षिसी 90, आपत्कालीन 90 आणि किरकोळ 60. बेरीज त्यांनी वरून खाली आणि खालून वर अशी दोनदा केली. दोन्ही वेळा 900 आले, म्हणून खाली दोन रेघा ओढल्या.

"किरकोळ म्हणजे काय काय?" मी विचारलं.

"जे विचारायचं नसतं ते," सासूबाई आतून म्हणाल्या.

खरा घोटाळा झाला तो गुणाकारात. जानेवारीत डॉलर साधारण 86 रुपयांना होता आणि बाबांच्या लेखी तो शहाऐंशीच होता. त्यांच्या पिढीला पावकी, निमकी, दिडकी पाठ. शहाऐंशीचा पाढा त्यांनी दोन दिवसांत बसवला. निखिल मात्र शहाऐंशीऐवजी ऐंशीने गुणायचा. त्यामुळे प्रत्येक वस्तू थोडी स्वस्त वाटते आणि घ्यायचा धीर होतो. मी शंभराने गुणते. त्याला डोकं लागत नाही, शिवाय प्रत्यक्षात खर्च कमी झालेला बघून आनंद होतो. आबांनी लहानपणापासून शिकवलंय : येणी कमी धरावीत, देणी जास्त. म्हणजे एकाच घरात एका डॉलरचे तीन भाव चालू होते. इतकी उलाढाल तर आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्याकडेही होत नाही.

जानेवारीच्या अखेरीस आम्ही पोचलो. पहिल्याच रात्री आबांचा व्हिडिओ कॉल. "जागा केवढी हाय?"

मी वाचून आले होते. "साधारण पंचवीस हजार एकर."

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं. ते मनात गुंठे काढत होते. "दहा लाख गुंठे," ते हळूच म्हणाले. मग मी त्यांना ती जमीन कशी घेतली ते सांगितलं. 1960 च्या दशकात वेगवेगळ्या नावांच्या छोट्या कंपन्या काढून त्यांच्यामार्फत ही दलदलीची जमीन गुपचूप खरेदी केली होती. गिऱ्हाईक कोण आहे ते 1965 मध्ये फुटलं, तशी आजूबाजूची जमीन भराभर महागली. वॉल्ट डिस्ने स्वतः 1966 मध्ये गेले, पार्क उघडलं 1 ऑक्टोबर 1971 ला. ते गेल्याचं आबांना वाईट वाटलं, पण खरेदीची पद्धत ऐकून त्यांचा ऊर भरून आला. "हायवे यायच्या आधी आपल्याकडं हेच चालतं की. माणूस धंद्यातला होता बघ."

त्या क्षणापासून मी डिस्नेकडे परीकथेचं राज्य म्हणून बघूच शकले नाही. मला ते एक दुकान दिसायला लागलं. फार मोठं, फार सुंदर, फार हुशार दुकान.

लहानपणी उरुसाला आई मला वीस रुपये द्यायची. पाळण्याचे वेगळे, मौत का कुआँचे वेगळे, कुल्फीचे वेगळे. गर्दीत उभं राहून मी तिथल्या तिथे बजेट करायचे आणि दोन रुपये परत आणायचे, कारण परत आणले की आई पुढच्या वर्षी विश्वासाने वीसच द्यायची. डिस्ने वर्ल्डमध्येही सुरुवातीला उरुसासारखंच होतं. 1971 मध्ये आत जायचे साडेतीन डॉलर, आणि पाळण्यांसाठी ए ते ई अशी कुपनांची वही. साधी राइड ए, सगळ्यांत भारी ती ई. 1982 मध्ये ती कुपनं गेली. आता एकदाच तिकीट काढायचं आणि हव्या तितक्या वेळा बसायचं.

"मग पाळण्यावर सुटत न्हाई ते कुठं सोडवत्यात?" आबांनी नेमका प्रश्न विचारला.

उत्तर मला पहिल्या दिवशी दुपारी मिळालं. राइड संपली, दार उघडलं, आणि आम्ही थेट खेळण्यांच्या दुकानात उभे. दुसऱ्या राइडलाही तेच. काळीज तोंडात आलेलं असतं, केस उभे असतात, जिवंत असल्याचा आनंद मावत नसतो आणि समोर टोप्या, मग, बाहुल्या. आबा गिऱ्हाइकाला आधी चहा पाजतात आणि मग थप्पीतून शालू काढतात. इथे चहाऐवजी गिऱ्हाइकाला आधी उलटं टांगतात, एवढाच फरक.

मिकीचे कान मी तिथेच बघितले. प्लास्टिकचा पट्टा, वर दोन काळे गोल, मध्ये चमकीचा बो. पस्तीस डॉलर. तीन भावांत गुणाकार केला : निखिलचे 2,800, बाबांचे 3,010, माझे 3,500. इचलकरंजीच्या रक्ताला स्मरून मी काउंटरवरच्या मुलीला हसत विचारलं, शेवटचं किती? ती मुलगी माझ्याहून गोड हसली आणि म्हणाली, टॅक्स धरून सदतीस डॉलर अठ्ठावीस सेंट. आयुष्यात पहिल्यांदा मी घासाघीस केली आणि भाव वर गेला. तिथे किमतीच्या चिठ्ठीवर विक्रीकर धरलेला नसतो. साडेसहा टक्के काउंटरवर चढतात. एमआरपी बघून खिशात हात घालणाऱ्या माणसाला ही चिठ्ठी म्हणजे साखरपुडा वाटते, खरं लग्न काउंटरवर लागतं. बाबांच्या वहीत या साडेसहा टक्क्यांना रकानाच नव्हता.

बक्षिसीचा रकाना होता, पण त्यात दहा टक्के धरले होते. आमच्याकडे बडीशेपेच्या वाटीत सुटे ठेवतात ते धरून दहाही उदारच. तिथे बसून जेवलं की अठरा ते वीस टक्के ठेवायची रीत आहे. पहिल्या बिलावर निखिलने वीस टक्के लिहिले तेव्हा त्याचा हात किंचित थरथरला. राइडवर इतका थरथरला नव्हता.

मग आम्ही आईच्या पिशवीकडे वळलो. घरचं खाणं पार्कात न्यायला तिथे परवानगी आहे, फक्त काचेची बाटली आणि दारू नको. हे आम्हाला निघायच्या आधी कळलं, तेव्हा माझ्या आईच्या चेहऱ्यावर विजय होता. जयसिंगपूरची भडंग, शंकरपाळ्या आणि थेपले. सिंड्रेलाच्या महालासमोर, कठड्यावर बसून आम्ही भडंग खाल्ली. महाल 189 फूट उंच आहे, पण दिसतो त्याहून उंच, कारण वरवर जाताना विटा आणि खिडक्या लहान लहान केल्या आहेत. निखिलने ही युक्ती मला समजावून सांगितली आणि मला बाबांची वही आठवली. त्यांनीही तेच केलं होतं. वरच्या ओळी मोठ्या, आणि तळाला 'किरकोळ' बारीक अक्षरात, म्हणजे लांब असल्यासारखं वाटावं. वहीतला तो भाग आता भराभर जवळ येत होता.

पाण्याचं मात्र सुख. खाण्याच्या काउंटरवर मागितलं की बर्फाचं पाणी पेल्यातून फुकट देतात. हे कळल्यावर निखिलने त्या दिवशी सात पेले प्यायले. त्यामुळे पुढे दोन राइडच्या रांगा सोडून दुसऱ्याच रांगेत उभं राहावं लागलं, ती रांगही फुकट होती.

फुकटची दुसरी गोष्ट म्हणजे बिल्ला. नवीन लग्न झालेल्यांना मागितला की तिथे खास बिल्ला देतात. तो लावल्यापासून झाडूवाल्यापासून गोफी होऊन फिरणाऱ्यापर्यंत सगळे अभिनंदन करत होते. आमच्या लग्नात इतके लोक स्टेजवर आले नव्हते. बरं, कुणाच्या हातात पाकीट नाही, कुणाला जेवायला थांबवायचं नाही. 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ पत्रिकेवर छापूनही कुणी मानत नाही, तिथे न छापता सगळ्यांनी मानली.

पैसे द्यायचं साधन आमच्या मनगटावर होतं. खोलीची किल्ली, पार्कचं तिकीट आणि क्रेडिट कार्ड असं सगळं एकाच रबरी पट्ट्यात. मनगट यंत्राला लावायचं, आकडा दाबायचा, झालं. माझ्या हातात लग्नाचा हिरवा चुडा होता. त्यात तो पट्टा असा दडून बसायचा, की मी खरेदीला हात पुढे केला की आधी बांगड्या वाजायच्या आणि मग पैसे जायचे. बाबांना फोनवर हे सांगितलं, तर ते अस्वस्थ झाले. "सही नाही, अंगठा नाही? नुसतं मनगट? यात नोट मोजल्याचं दुःख कुठे होतं?"

दुःख होत नव्हतं, हाच तर घोटाळा होता. याच राज्यात 1987 ते 2016 पर्यंत डिस्ने डॉलर नावाच्या नोटा मिळायच्या. एका खऱ्या डॉलरला एक, वर मिकीचं चित्र, पार्कात चालणाऱ्या. बरेच लोक त्या न खर्चता आठवण म्हणून घरी न्यायचे. आबांना हे सांगितल्यावर ते उठून उभेच राहिले. "म्हणजे गिऱ्हाइकानं पैसं दिलं, आन माल न घेताच गेलं?" तीस वर्षांत त्यांनी नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं बघितली होती. हे गिऱ्हाईक त्यांच्या स्वप्नात येतं.

तिसऱ्या दिवशी रांगेने घात केला. एका राइडपुढे पाटी होती : पंच्याण्णव मिनिटं. शेजारून दुसरी रांग सुळसुळ जात होती. रांग चुकवायची सोय पूर्वी फुकट होती, 2021 पासून तिचे पैसे पडतात. पंढरपूरला तासन् तास उभं राहिलेल्या घराण्यातला निखिल म्हणाला, "रांग ही रांग असते. विठोबाला व्हीआयपी नसतं." मी म्हटलं, "विठोबा आपल्याला सहा दिवसांत परत पाठवत नाही." शेवटी आम्ही पैसे भरले आणि वहीत लिहायला 'किरकोळ' सोडून दुसरी जागा नव्हती.

ती राइड काळोखातली होती. गाडी कुठे वळणार ते दिसत नाही, फक्त पोटाला कळतं. पहिल्या उतारावर मी निखिलचा हात पकडला, दुसऱ्यावर आवळला, आणि तिसऱ्यावर काहीतरी कडकन झालं. बाहेर येऊन बघितलं, तर चुड्यातली एक बांगडी गेलेली. निखिल घाबरून म्हणाला, "बांगडी फुटली!"

"फुटली नाही म्हणायचं," मी म्हटलं. "वाढली."

आईने शिकवलेलं आपोआप तोंडून आलं. आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघून इतके हसलो, की बिल्ला बघून शुभेच्छा द्यायला आलेली बाई हळूच मागे फिरली. त्या संध्याकाळी आम्ही गुणाकार सोडून दिला. कुणी ठरवलं नाही. निखिलने दालचिनी-साखरेत घोळवलेला चुरो आणला, सरळ केलेल्या जिलबीसारखा, आणि मी किंमत विचारली नाही. अननसाचं आइस्क्रीम आणलं, तेही विचारलं नाही. रात्री महालावर आतषबाजी झाली, ती तिकिटातच होती. तरी इतकी दारू जळताना बघून निखिल पुटपुटलाच, "ऐंशीने तरी गुणू का?"

शेवटच्या दिवशी भेटवस्तू घेतल्या. त्यात एकच वस्तू बाबांसाठी होती. पार्कात जागोजागी हाताने फिरवायची यंत्रं होती. त्यात पाव डॉलरची दोन नाणी आणि एक सेंट टाकायचा, दांडा फिरवायचा, की सेंट लांबट चपटा होऊन त्यावर मिकी उमटून बाहेर यायचा. एक बाबांना, एक आबांना, असे आम्ही दोन काढले. आबांना तो दुकानाच्या गल्ल्यात ठेवायला आवडला. बाबा मात्र हातातल्या त्या पातळ तांब्याकडे बघत राहिले.

"म्हणजे पन्नास सेंट देऊन एक सेंट बाद केला?"

"हो."

"आणि याला तिथे परवानगी आहे?"

"यंत्रच त्यांचं आहे, बाबा."

त्यांनी काही उत्तर दिलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने चलनासाठी एक सेंटचं नाणं पाडणं बंद केलं, ती बातमी मात्र त्यांनी पेपर घडी करून माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. "संपवलीत चपटी करून," एवढंच म्हणाले.

पण हे नंतरचं. परत आल्याच्या रविवारी वही उघडली गेली. निखिल पावत्या वाचत होता, बाबा मांडत होते. खाणं बजेटच्या आत, भडंगेच्या कृपेने. भेटवस्तू वर. बक्षिसी दुप्पट. आपत्कालीन शून्य, कारण बांगडीचं बिल कुणी लावलं नाही. आणि किरकोळ इतकं, की बाबांनी रकान्याबाहेर लिहायला घेतलं. शेवटी बेरीज झाली 1,100. मी पिशवीच्या तळाशी हात घालून आठवण केली, की नाणी चपटी करायला दोनदा एक्कावन्न सेंट लागले, ते राहिले. एक डॉलर दोन सेंट. बाबांनी डॉलर मांडला आणि दोन सेंट सोडून दिले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी सोडलेली ही पहिली रक्कम असावी.

1,101.

बाबांनी चष्मा काढला. "बजेट फुटलं," ते म्हणाले.

सासूबाई परातीत पीठ चाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, नवीन लग्न झालंय पोरांचं. फुटलं काय म्हणता? वाढलं म्हणा."

बाबांनी वही जवळ ओढली. 900 च्या वर किती ते काढलं : 201. मग वरच्या आकड्याकडे पुन्हा बघितलं, अकराशे आणि वर एक. लग्नातल्या पाकिटांवर चिकटवलेले सगळे एक-एक रुपये त्यांनीच सोलून डब्यात भरून ठेवले होते. त्यांनी आत जाऊन तो डबा आणला, चपटा सेंट त्यात टाकला आणि झाकण लावलं.

वहीत शेवटच्या ओळीवर मी डोकावले. 'जादा खर्च' लिहून त्यावर काट मारली होती. शेजारी, पट्टी न लावता, लिहिलं होतं : 'आहेर, 201.'